मुळांच्या कष्टालाही भाव द्या

जळगावच्या मेहरूणमधल्या बोरीला कुणी डीएपी घातल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. तलावाच्या अंगाला, बांधावर, नव्या प्लॉटांच्या कुंपणालगत जी थोडी जुनी झाडं अजून उभी आहेत, त्यांना खतही मिळत नाही आणि पाणीही. तरी थंडी पडली की फांद्या बोरांनी लवतात, आणि जळगावच्या बाजारात ‘मेहरूणची बोरं’ अशी हाक ऐकू आली की गिऱ्हाईक टोपलीपाशी थांबतं. फळाला, पानाला, बीला, सगळ्यांनाच स्फुरद म्हणजे फॉस्फरस लागतं. त्याच्यावाचून एक पेशीसुद्धा वाढत नाही. मग या बोरी ते आणतात कुठून?

मी मेहरूणचीच. माझी सगळी नोकरी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत गेली आणि तिथे सर्वाधिक वेळ मी स्फुरदच मोजलं. त्या अनुभवावरून शेतकऱ्यांना आणि खतांचं धोरण ठरवणाऱ्यांना मला एक गोष्ट सांगायची आहे. खानदेशच्या काळ्या जमिनीत स्फुरद भरपूर पडून आहे. ते पिकाच्या तोंडी घालण्याचं काम मुळं करतात. आपण पैसा मात्र सगळा पोत्यावर घालतो आणि मुळांच्या वाट्याला काहीच ठेवत नाही.

आधी प्रयोगशाळेतलं सांगते. आमच्याकडची माती अल्कधर्मी, सामू (पीएच) बहुतेक साडेसात ते साडेआठच्या मधला. अशा मातीसाठी अमेरिकेतल्या स्टर्लिंग ऑल्सेन यांची 1954 सालची पद्धत वापरतात. अडीच ग्रॅम माती घ्यायची, तिच्यात साडेआठ सामूचं सोडियम बायकार्बोनेटचं 50 मिलिलिटर द्रावण घालायचं, अर्धा तास हलवायचं आणि गाळायचं. गाळलेल्या पाण्यात मॉलिब्डेटचं द्रावण टाकलं की निळा रंग चढतो. गडद निळा म्हणजे स्फुरद जास्त, फिका म्हणजे कमी. यंत्र तो रंग वाचतं आणि आकडा अहवालावर जातो. अहवालात ‘कमी’ दिसलं की खिडकीपाशी उभा असलेला शेतकरी हमखास विचारायचा, “ताई, मग किती पोती टाकू?”

प्रश्न साहजिक होता, पण आमचा अहवाल त्याला अर्धीच गोष्ट सांगत होता. तो निळा रंग जमिनीतलं सगळं स्फुरद दाखवत नाही, आज लगेच पिकाच्या हाती लागेल तेवढंच दाखवतो. हिशेब करून पाहा. एका हेक्टरातला वरचा 15 सेंटिमीटरचा थर म्हणजे सुमारे 22 लाख किलो माती. किलोमागे एकूण स्फुरद 400 मिलिग्रॅम धरलं, तरी हेक्टरी 900 किलोच्या आसपास भरतं. आमच्या चाचणीत त्यातलं दिसायचं दहा-वीस किलो. बाकीचं तिथेच असतं, पण पेवात भरून तोंड लिंपून टाकलेल्या धान्यासारखं. घरात धान्य आहे आणि चूल थंड आहे, अशी ही अवस्था.

तोंड लिंपतो तो चुना. जमिनीचा नमुना आला की त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-चार थेंब टाकून पाहायची आमची रीत होती. चुनखडीची माती लगेच फसफसायची. तापीकाठच्या खोल काळ्या मातीतही हे पुष्कळदा दिसायचं. या मातीत विरघळणारं स्फुरद गेलं की कॅल्शियम त्याला धरतं आणि हळूहळू त्याचं न विरघळणारं कॅल्शियम फॉस्फेट होतं. डीएपीच्या 50 किलोच्या पोत्यावर 18:46 असं लिहिलेलं असतं. त्यातलं 46 हे ऑक्साइडच्या हिशेबात आहे. पोत्यात खरं मूलद्रव्य स्फुरद म्हणाल तर दहाच किलो. त्यातलं पहिल्या पिकाला साधारण 15 ते 20 टक्केच मिळतं, म्हणजे दोन किलो धरा. उरलेलं बरंचसं मातीत जाऊन बसतं. असं आपण दर पेरणीला, वर्षानुवर्षं करत आलो आहोत.

आता मुळांकडे येऊ. नत्र पाण्याबरोबर मुळांपर्यंत वाहत येतं. स्फुरदाचं तसं नाही, ते मातीत मिलिमीटरभर सरकायलाही वेळ घेतं. मूळ आपल्या अगदी भोवतालचं स्फुरद शोषून घेतं आणि मग त्या अंतरात काही उरत नाही. म्हणून झाडाला सतत नव्या मातीत शिरावं लागतं. मुळांवरची बारीक केसं त्यासाठीच असतात. केसांच्याही पलीकडे जायला झाड एका बुरशीची सोबत धरतं. मुळात राहणाऱ्या या बुरशीला मायकोरायझा म्हणतात. तिचे तंतू मुळाच्या केसापेक्षाही बारीक असतात आणि मूळ जिथे शिरू शकत नाही अशा फटीतून स्फुरद आणून देतात. बदल्यात झाड तिला साखर देतं.

बोर या कामात पटाईत आहे. जोधपूरच्या कोरड्या मुलखात बोरीवर या बुरशीचे प्रयोग झाले. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोच्या शास्त्रज्ञांनी 1998 मध्ये स्फुरद कमी असलेल्या वाळूसर मातीत बोर, चिंच आणि पार्किया यांची रोपं बुरशीसह आणि बुरशीविना वाढवून पाहिली. बुरशी मिळाल्यावर बोरीच्या रोपांची वाढ ठळकपणे सुधारली. ही आपलीच बोर, त्याच जातीची. मेहरूणच्या बांधावरचं झाड खताशिवाय का फळतं, याचं निदान अर्धं उत्तर या प्रयोगांत आहे. उरलेलं अर्धं त्याच्या खोल सोटमुळात.

हरभरा दुसऱ्या वाटेने जातो, आणि ती वाट आपल्याला हाताने अनुभवता येते. पहाटे हरभऱ्याच्या शेतातून चाललं की पायांना, लुगड्याच्या काठाला आंबट दव लागतं. जुन्या बायका रात्री पिकावर स्वच्छ धडपा पसरून ठेवायच्या, सकाळी तो पिळून आंब बाटलीत भरायच्या आणि पोटदुखीला द्यायच्या. ही आंब म्हणजे पानांवरच्या केसांतून पाझरणारं मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल. हरभऱ्याची मुळंही मातीत अशीच आम्लं सोडतात, मुख्यतः मॅलोनिक, जोडीला सिट्रिक. वर कपड्यावर जमतं ते आपल्याला ठाऊक होतं. खाली त्याच्या भावंडांचं काय काम चालतं, ते फारसं कुणी सांगितलं नाही. ही आम्लं मुळाभोवतीच्या मातीचा सामू उतरवतात, कॅल्शियमला धरतात आणि स्फुरद मोकळं होतं. सगळ्या शेताचा चुना विरघळवण्याची गरजच नसते. मुळाला चिकटलेल्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या थरात काम झालं तरी पिकाला पुरतं. द्विदल पिकं हवेतलं नत्र घेतात तेव्हा मुळांतून जास्तीचं आम्ल बाहेर टाकतात, त्याचीही भर पडते. शिवाय मुळं फॉस्फटेज नावाची विकरं सोडतात. ती कुजलेल्या काडीकचऱ्यातलं, शेणखतातलं सेंद्रिय स्फुरद सुटं करतात.

तुरीची कहाणी तर जगात गाजलेली आहे, आणि ती आपल्या शेजारच्या मुलखात घडली. हैदराबादजवळ पटानचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे, 1972 साली स्थापन झालेली. तिच्या आवारात लाल आणि काळी अशा दोन्ही जमिनी आहेत. तिथे काम करणारे जपानी शास्त्रज्ञ नोरिहारू आए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं की तुरीच्या मुळांतून पिसिडिक आम्ल नावाचं एक द्रव्य पाझरतं. ते लोहाला धरून ठेवतं आणि लोहाने अडकवलेलं स्फुरद सुटं होतं. जे स्फुरद ज्वारी-मक्याला मिळत नाही ते तुरीला मिळतं. मागाहून येणाऱ्या पिकालाही त्याचा फायदा होतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. लोहाशी बांधलेलं स्फुरद हा मुख्यतः लाल जमिनीचा प्रश्न आहे. आमच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत ते बहुतांश कॅल्शियमशी बांधलेलं असतं. म्हणून खानदेशात त्या एका आम्लाच्या जोरावर तुरीला डोक्यावर घेऊ नये. या कामात इथे हरभरा जास्त उपयोगाचा. पण तूर दुसऱ्या दोन गोष्टी करते. तिचं मूळ खोल जातं, कपाशीच्या मुळांच्याही खाली पोचतं आणि तिथलं स्फुरद वर आणतं. मग पिकताना ती पानं गाळते. तुरीच्या तासाखाली साचलेला तो पिवळा पाला कुजला की खालचं स्फुरद वरच्या थरात येऊन पडतं. हे काम कोणत्याही कारखान्याला जमणारं नाही.

अशी झाडं जगात इतरत्रही आहेत. ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य टोकाची माती स्फुरदाच्या बाबतीत जगातल्या सर्वांत गरीब मातींपैकी एक. तिथल्या बँक्सिया झाडांना दाट झुपक्यांसारखी मुळं फुटतात, ती थोड्याच दिवसांत भरपूर सायट्रेट ओततात, स्फुरद उचलतात आणि मरून जातात. आपल्याकडे बागांच्या कडेला लावतात तो सिल्व्हर ओक त्याच कुळातला आणि तोही तशीच मुळं फोडतो.

आमच्या आधीच्या पिढीने यातलं रसायन वाचलेलं नव्हतं, पण पिकांची मांडणी मात्र अशी केली होती की मुळांना काम मिळावं. खरिपात मूग-उडीद, त्यावर रब्बीत दादर ज्वारी. कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीचं एक तास. हरभऱ्याच्या बेवडावर पुढचं पीक जोमदार येतं, हे सांगायला कुणा अधिकाऱ्याची गरज नव्हती. चीनच्या गान्सू प्रांतात ली लाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गोष्टीला आकडे दिले. स्फुरद कमी असलेल्या जमिनीत त्यांनी चार वर्षं मका आणि बाकल्याचा घेवडा शेजारी-शेजारी घेतला. एकेकट्याने घेतल्यावर जे उत्पादन अपेक्षित होतं त्याहून मका 43 टक्के आणि घेवडा 26 टक्के जास्त आला. घेवड्याच्या मुळांनी सुटं केलेलं स्फुरद मक्याच्या मुळांनीही उचललं होतं. हा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला.

आणि आपण काय केलं? शिवारात नजर जाईल तिथवर नुसती कपाशी, नाहीतर केळीवर केळी. तुरीचं तास ट्रॅक्टरच्या आणि फवारणीच्या आड येतं म्हणून गेलं. मूग-उडीद पावसाच्या लहरीपुढे परवडेना. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. त्याने भावाकडे पाहूनच पेरायचं असतं. दोष भाव ठरवणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

जरा तपशिलाने बोलते. 2010 पासून केंद्र सरकार स्फुरद आणि पालाशयुक्त खतांवर पोषकद्रव्याच्या हिशेबाने अनुदान देतं. मे 2021 मध्ये जगात दर भडकले तेव्हा डीएपीच्या एका पोत्यामागचं अनुदान 500 रुपयांवरून 1200 रुपयांवर न्यावं लागलं. गेली काही वर्षं शेतकऱ्याला पोतं 1350 रुपयांना मिळतं ते सरकार फरक भरतं म्हणून. स्फुरदाचा खडक आपल्याकडे मोजकाच आहे, उदयपूरजवळ झामरकोटड्याला त्याची मोठी खाण आहे. जगातला सुमारे 70 टक्के साठा एकट्या मोरोक्कोकडे. खडक बाहेरून, खतासाठीचं फॉस्फरिक आम्ल बाहेरून, तयार डीएपीही बाहेरून. तिकडे चीनने निर्यात आखडली की इकडे ऐन पेरणीत कृषी सेवा केंद्रासमोर रांगा लागतात आणि डीएपीबरोबर नको असलेली द्रव खताची बाटली गळ्यात मारली जाते.

त्याच मे 2021 मध्ये तुरीची आयातही मोकळी करण्यात आली. मेहरूणच्या पलीकडे आमच्या एमआयडीसीत डाळमिल आहेत, जळगावची डाळ देशभर जाते. तिथे म्यानमार, मोझांबिक, टांझानियाची तूरही भरडली जाते. डाळ स्वस्त राहावी ही शहरातल्या गरिबाची गरज आहे, ती मला मान्य आहे. पण हे दोन निर्णय शेजारी ठेवून पाहा. परदेशातलं स्फुरद पोत्यातून आणायला तिजोरी उघडी. आणि स्वतःच्या जमिनीतलं स्फुरद वर काढणारं पीक मात्र आयातीच्या माऱ्याखाली. तूर हमीभावाखाली विकावी लागली की पुढच्या खरिपात तिचं तास जातं आणि तिच्याबरोबर तिचं मूळही जातं. हा तोटा कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही, म्हणून तो कुणी मोजत नाही.

याचा अर्थ रासायनिक स्फुरद बंद करा, असं मी म्हणत नाही. मुळं स्फुरद निर्माण करत नाहीत, असलेलं मोकळं करतात. शेतातून धान्य, सरकी, केळीचे घड बाहेर जातात तेवढं स्फुरद कधीतरी परत द्यावंच लागतं. हलक्या, मुरमाड जमिनीत साठाही थोडा असतो, तिथे खत लागेलच. पण किती आणि कसं, याला अर्थ आहे. डीएपी जमिनीवर विस्कटून देणं हा सरळ तोटा आहे. जे मिलिमीटरभर सरकत नाही ते वर पसरून मुळाला कसं मिळणार? दोन चाड्याच्या पाभरीने ते बियाण्याच्या खाली, थोडं बाजूला पेरलं तर कमी खतात काम होतं. केळी तर मुळात पालाशाची भुकेली, तिला स्फुरद त्या मानाने थोडंच लागतं. केळीच्या जुन्या मळ्यांतले नमुने यायचे तेव्हा नळीतला रंग पुष्कळदा गर्द निळा चढायचा. अहवालात ‘जास्त’ लिहिलेलं असायचं आणि तरी पुढच्या लागवडीला स्फुरद पडायचंच. जास्तीचं स्फुरद जस्ताच्या शोषणात अडथळा आणतं आणि मुळातल्या त्या उपयोगी बुरशीलाही मारक ठरतं. झाडाला आयतं मिळालं की ते बुरशीला पोसत नाही.

जिवाणूंच्या पाकिटांबद्दलही बोलते, कारण मला सगळ्यांत जास्त विचारलं जातं ते याच्याबद्दल. स्फुरद विरघळवणारे जिवाणू खरे आहेत आणि कामाचे आहेत. पण ते जिवंत असले तर. जळगावच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या दुकानात तापलेल्या पाकिटात किती जिवाणू जगले असतील, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि चुनखडीच्या जमिनीत त्यांनी सोडलेलं आम्ल चुना लगेच मारून टाकतो. जिवाणूला शेजारी जिवंत मूळ लागतं, कुजणारा पाला लागतो. ते नसेल तर नुसत्या पाकिटाने काही होत नाही.

म्हणून जमीन फार काळ उघडी ठेवू नये. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या काळ्या मातीत दीर्घकाळ पडीक ठेवलेल्या शेतात पुढचं पीक स्फुरद आणि जस्तावाचून खुरटायचं. मुळं नसल्याने मायकोरायझा बुरशी उपाशी मेली होती, हे 1987 मध्ये थॉम्पसन यांनी दाखवून दिलं. आपली काळी माती त्याच जातकुळीची. दरसाल खोल नांगरट करून जमीन महिनोन् महिने उन्हात उघडी टाकताना हे ध्यानात असू द्यावं.

कृषी विभागाला माझं मागणं साधं आहे. जमीन आरोग्य पत्रिकेवर स्फुरद ‘जास्त’ निघालं तर त्या हंगामात स्फुरद देऊ नका, असं ठळक अक्षरात लिहा. कपाशीत तुरीचं तास आणि केळी मोडल्यावर हरभरा घेणाऱ्याला एकरी मदत द्या आणि ती खताच्या अनुदानातून द्या. तूर बाजारात येईल त्या दिवशी हमीभावाचं केंद्र उघडं हवं, महिनाभराने नको. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने वाण निवडताना काही वाफे खताविना ठेवावेत. भरपूर खत घालून निवडलेल्या वाणाच्या मुळांची परीक्षाच होत नाही. आणि मेहरूणच्या ज्या बोरी उरल्या आहेत त्यांची कलमं कुणीतरी वेळेवर करून ठेवावीत. प्लॉटांपायी हे वाण संपलं तर परत मिळणार नाही.

शेतकरी भावांनो आणि बहिणींनो, खरिपाचं पीक निघालं की खत टाकण्याआधी मातीचा नमुना काढा. शेताच्या वेगवेगळ्या भागांतून, इंग्रजी व्ही आकाराचे वीतभर खोल खड्डे करून, सगळी माती एकत्र मिसळून अर्धा किलो घ्या. बांधाजवळची, उकिरड्याखालची माती त्यात येऊ देऊ नका. अहवाल आल्यावर स्फुरदाचा आकडा पाहा आणि मगच दुकानात जा. हरभरा काढताना झाड उपटू नका, विळ्याने कापा. मुळं जमिनीतच राहू द्या.